हे कोणासाठी केलंय?

शनिवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकाच्या सिस्टर कन्फेशनला जायच्या आणि परत येताना चॅपेलपासून किचनपर्यंत जो भेटेल त्याला सांगत यायच्या की आज कुठली कुठली पापं सांगितली. ऐकलेलं पोटात ठेवायचं हा नियम फादरांना. सिस्टरांना तो लागू नव्हता. "बाय, मदरना मी सांगितलं होतं दूध नासलं. नासलं नव्हतं गो. मांजरीला घातलं. पिल्लं झालीत तिला." हे मला, ऑफिसच्या खिडकीतून, खणखणीत आवाजात. मागे मदर उभ्या. मी मान खाली घालून हजेरीचं रजिस्टर उलटंपालटं करत बसले. मदरनी एक सुस्कारा सोडला आणि गेल्या, दुसरं काय करणार.

मी या कॉन्व्हेंटच्या शाळेत ऑफिसात आहे, वीस वर्षं झाली. आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, हे आमच्या घरात अजूनही दिवसाआड कोणीतरी सांगतंच. त्यांची पणती ननांच्या ऑफिसात ट्रान्सफर सर्टिफिकेटवर शिक्के मारते, हे कोणी सांगत नाही. असो. बाकीच्या सिस्टर केरळच्या, दोघी झारखंडच्या. मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्या वसईच्या, मी इंदूरची. पण माझं मराठी ऐकून त्या कपाळाला हात लावायच्या. "बाय, तू मराठीत निघतेस आणि अर्ध्या वाटेत हिंदीत उतरतेस. पोचतेस कुठे?" मी म्हणायचे, "सिस्टर, अपना तो ऐसाच आहे. समजतंय ना तुम्हाला? बस."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, सकाळी काय खाऊन आलीस. नाव नंतर विचारलं, बहुतेक आठवड्यानं. मी म्हटलं, पोहे आणि थोडी जलेबी. त्या थबकल्या.

"एकत्र?"

"एकत्रच खातात, सिस्टर. इंदूर आहे."

"तिखटाबरोबर गोड? हे पाप आहे का, फादरना विचारते."

आणि खरंच विचारलं हो! मला वाटलं गंमत करतायत. फादर पक्के इंदूरचे. त्यांनी त्या दिवशी सकाळी तेच खाल्लं होतं, म्हणून त्यांनी पाप नाही असा निकाल दिला. सिस्टरांना तो निकाल पक्षपाती वाटला तो शेवटपर्यंत.

उंचीला माझ्या खांद्याइतक्या. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. झग्याच्या बाह्या सेफ्टी पिना लावून कोपरापर्यंत वर, कायमच्या. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पण कोण काय खातं ते राहायचं. होस्टेलच्या साठ मुली त्यांना "वांगं न खाणारी", "दह्याशिवाय रडणारी", "दोन वेळा भात मागणारी" अशाच माहीत. दहा वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेली कोणी लग्नाची पत्रिका घेऊन आली की सिस्टर तिच्याकडे डोळे बारीक करून बघायच्या आणि म्हणायच्या, "कारलं खायला लागलीस का?" त्या पोरी तिथंच गळ्यात पडायच्या. साठ जणींचा स्वयंपाक करायच्या, पण साठ जणींसाठी म्हणून एकदम कधी केला नाही. एकेकीसाठी करायच्या. वेळ लागायचा, घंटा होऊन जायची, मदर चिडायच्या, पण ह्या ऐकतील तर शपथ.

उपवासकाळ आला की मात्र अख्खं कॉन्व्हेंट घाबरायचं. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस सगळ्या सिस्टर काही ना काही सोडतात. मांस-मच्छी तर बंदच, शिवाय कोणी चहा सोडतं, कोणी मोबाइल. आमच्या सिस्टर खोटं बोलणं सोडायच्या. एरवी शनिवारपर्यंत तरी एखादं टिकायचं, या दिवसांत तेही नाही. एका वर्षी मार्चमध्ये एक आई-वडील होस्टेल बघायला आले. मदर त्यांना कौतुकानं किचन दाखवत होत्या. बाईंनी विचारलं, "खाना घर जैसा रहता है ना?" सिस्टर म्हणाल्या, "नहीं. घर में चार लोग, इधर साठ. घर जैसा कैसे होगा?" मदरचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण त्या बाईंनी मुलीला आमच्याकडेच घातलं. ती "पापड भाजून नको, तळून हवा" म्हणून प्रसिद्ध झाली.

मग वय झालं. अठ्ठ्याहत्तर. एके दिवशी डाळीत दोनदा मीठ पडलं, दुसऱ्या दिवशी अजिबात नाही. तेवढं चाललं असतं, पण एका सकाळी गॅस नुसताच चालू राहिला आणि झारखंडच्या सिस्टरला वास आला म्हणून निभावलं. मदरनी ठरवलं की ईस्टर झाला की यांनी म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी जायचं, किचन मेसवाल्यांकडे द्यायचं. मदरचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मला राग आला तो आला. दोन वर्षं झाली त्याला. दर रविवारी मी त्यांना फोन करते. तिकडे जेवण ताटात वाढून समोर येतं, याची त्यांना अजून सवय नाही.

मदरनी सांगितलं तेव्हा सिस्टर फक्त "बरं" म्हणाल्या. नंतर माझ्या ऑफिसात येऊन खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "पाहुणा कोण येणार आहे का गो, ईस्टरच्या आत?" म्हटलं, माहीत नाही. "आला तर बरं होईल. शेवटचा पाहुणा जेवून गेला की मी सुटले."

आणि पाहुणा आला. तोसुद्धा असा की विचारू नका.

होळी झाली होती, होस्टेलच्या मुली घरी गेल्या होत्या. रंगपंचमीच्या दोन दिवस आधी जवळच्या कॉलनीतले एक जैन काका माझ्याकडे आले, त्यांची नात आमच्याकडे सातवीत. म्हणाले, "दीदी, महासतीजी का विहार चल रहा है. शहर में स्थानक तक पहुँचना था, पर रंगपंचमी पर सब रास्ते गीले रहेंगे. दो दिन स्कूल का हॉल मिल जाए तो बड़ी कृपा." महासतीजी म्हणजे जैन साध्वींच्या एका मोठ्या संघाच्या प्रमुख, आणि स्थानक म्हणजे साध्वींची उतरायची जागा. माळव्यात त्यांचं नाव ठाऊक नाही असं जैन घर नसेल. गावोगाव अनवाणी चालत जातात, त्यालाच विहार म्हणतात, गाडीत बसत नाहीत. पाण्यात जीव असतो म्हणून ओल्या रस्त्यावर पाय ठेवत नाहीत. आणि आमच्या इंदुरात रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, टँकरच्या टँकर रंग उडतो, गल्लीबोळसुद्धा कोरडा राहत नाही. मदरनी एका क्षणात हो म्हटलं. "देवाची माणसं आहेत," म्हणाल्या, "हॉल उघडा."

काकांनी नियम सांगितले. त्यांच्यासाठी दिवा लावायचा नाही, पंखा नाही. सूर्य मावळल्यावर अन्न-पाणी नाही. कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचं काहीच नाही. सिस्टर माझ्या शेजारी उभं राहून मान डोलावत होत्या. शेवटी काका म्हणाले, "और एक बात. उनके लिए कुछ बनाना मत. वो खुद आकर थोड़ा ले लेंगी."

काका गेले तशा सिस्टर हसल्या. "सगळे पाहुणे हेच म्हणतात. बिशप आले तेव्हा म्हणाले, मला साधा डाळ-भात. कटलेट किती खाल्ली ते मला विचार!" मीही हसले. आता वाटतं, तिथंच त्यांना थांबवायला हवं होतं. पण मलाही ते नुसतं शिष्टाचाराचं बोलणं वाटलं. आपल्याकडे कुठला पाहुणा "माझ्यासाठी भरपूर करा" म्हणून सांगतो?

दुसऱ्या दिवशी सिस्टर पहाटे चारला उठल्या. कांदे-बटाट्यांचं पोतं स्टोअरमध्ये टाकून बाहेरून कडी. पाणी उकळून थंड केलेलं. दुधी, दोडकं, मुगाची डाळ, गव्हाच्या पोळ्या, ज्वारीच्या भाकऱ्या, तांदळाची खीर. हात थरथरत होते, तरी मला काही शिवू दिलं नाही. मिठाचा डबा मात्र माझ्याकडे दिला. "तू मोजून घाल, मी फक्त हो म्हणेन," म्हणाल्या.

साडेदहाला महासतीजी आल्या. बरोबर दोन तरुण साध्वी. पांढरी वस्त्रं, तोंडावर पांढरी मुखपट्टी, झोळीत लाकडी पात्रं. वय सत्तरीच्या पुढचं, अंगावर मांस म्हणून नाही, पण डोळे असे की माझे हात आपोआप जोडले गेले. त्यांनी सगळ्या भांड्यांवरून नजर फिरवली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "बहनजी, ये किसके लिए बनाया?"

मदरनी मागून डोळ्यांनी खुणावलं. "आमच्यासाठी" एवढंच म्हणायचं होतं, सहा सिस्टर जेवणाऱ्या होत्याच की. पण उपवासकाळ चालू होता. आणि सिस्टरांना तर ते सांगायचंच होतं, अभिमानानं. "आपके लिए! सब आपके लिए. सुबह चार बजे से."

महासतीजींनी पात्रावर हात ठेवला. "तो हम नहीं ले सकते, बहनजी. हमारे लिए आग जले, वो हमें नहीं चलता." हात जोडले आणि तिघी निघून गेल्या. तो दिवस कोरडा होता, म्हणून कॉलनीतल्या दोन-तीन जैन घरांतून थोडं थोडं घेऊन आल्या.

सिस्टर तशाच उभ्या होत्या, हातात डाव. मग एकदम भडकल्या. "मी काय विष घातलंय? बिशपना चाललं, मदर जनरलना चाललं, आणि..." मदर म्हणाल्या, "सिस्टर, उद्या आमच्यासाठी साधी डाळ टाका, त्यातली घेतील." सिस्टर म्हणाल्या, "डाळ तुमच्या नावाची टाकीन, पण मनात त्याच असणार. त्यांनी विचारलं तर काय सांगू?"

माझं डोकं फिरलं. मी तडक हॉलवर गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू. म्हटलं, महासतीजी, ही बाई जन्मभर लोकांना जेवू घालत आली, आता तिला इथून पाठवतायत, तुम्ही तिच्या शेवटच्या पाहुण्या. एक घास घेतला असता तर काय बिघडलं असतं? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बेटा, घर में किसी ने अपने लिए जो बनाया हो, हम उसमें से थोड़ा लेते हैं. इतना कि उसकी थाली में भी बचे, और हमारी वजह से उसे दोबारा चूल्हा न जलाना पड़े. बहनजी से पूछो, वो अपने लिए क्या बनाती हैं. कल हम उसी में से ले लेंगे."

"आणि कल नाही मिळालं तर?"

"कल बाहर रंग है, हम निकलेंगे नहीं. नहीं मिला तो उपवास." बस चुकली तर पुढची धरू, असं आपण म्हणतो ना, त्या आवाजात.

मी परत किचनमध्ये आले, महासतीजींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं. "सिस्टर, तुम्ही स्वतःसाठी काय करता?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या स्वतःच्या जेवणासाठी. खास."

त्यांनी फळीकडं पाहिलं, ओट्याकडं पाहिलं, जसं काही तिथं कुठं ठेवलेलं सापडेल. मी आठवायला लागले. अठरा वर्षं रोज त्यांच्या हातचं खाल्लं, पण ह्या बाईला ताट घेऊन बसलेली मी एकदाही पाहिली नव्हती. तीन वाजता उभ्या उभ्या भांड्याच्या तळाचं काही तरी, एखादी करपलेली पोळी, कोणीतरी टाकलेला भात. मी त्यांना कधी विचारलंही नव्हतं, जेवलात का. मला माझीच इतकी लाज वाटली की मी पर्स उचलून घरी निघून आले.

रंगपंचमीच्या दिवशी सुट्टी. तरी मी निघाले. ओढणी डोक्यावरून घेतली, मागच्या गल्ल्यांनी आले, तरी फाटकापाशी कोणीतरी गुलाबी बादली ओतलीच. चलो, ठीक. कपडे बदलून किचनमध्ये गेले तर सिस्टर स्टुलावर बसलेल्या, हात मांडीवर. मदरनी त्या दिवशी सगळ्यांना ब्रेड-केळी सांगितली होती, यांना त्रास नको म्हणून. शेगडी थंड. बाहेर डीजे वाजत होता.

"बरोबरच्या त्या दोन पोरींनी उपास धरलाय," सिस्टर म्हणाल्या. "त्या म्हातारीनं धरला नाही अजून. वाट बघतेय. माझ्या घरात पाहुणी उपाशी बसलीय, बाय. आणि मला काही करता येत नाही. स्वतःसाठी म्हणून केलं, तरी ते त्यांच्यासाठीच होईल. ते तर जास्त मोठं खोटं."

मी मनातल्या मनात खजरान्याच्या गणपतीला हाक मारली आणि मग चिडलेच. "त्यांना राहू द्या उपाशी! त्यांना आदत आहे. तुम्ही कालपासून काय खाल्लंय?" त्यांनी ओटा पुसायला घेतला. म्हणजे खाल्लंच नव्हतं. "काय खाणार, सांगा. मी करते."

"काहीही."

"काहीही नावाचा पदार्थ नसतो, सिस्टर. साठ पोरींची आवड पाठ आहे तुम्हाला. तुम्हाला काय आवडतं?"

त्यांनी चष्म्याचा दोरा घट्ट केला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तांदळाची भाकरी. गरम. ओलं खोबरं आणि गूळ."

"मग इतकी वर्षं का नाही केली?"

"इथे कोणाला आवडते?"

मी उठून डबे उघडायला लागले. केरळच्या सिस्टरांच्या डब्यात तांदळाचं पीठ होतं, नारळही होता. मी करायला लागले, तर उकड काढतानाच त्यांनी मला बाजूला सारलं. "तुझं काम नाही हे. तुम्ही पोळीवाले." पीठ मळू लागल्या आणि बोलू लागल्या. वसईचं घर, मागं केळी, आई चुलीपाशी. वाडीतून भिजून आलेली पाच पोरं ओळीनं बसलेली. आई भाकरी मोडून हातावर द्यायची, ताटबीट काही नाही, हात भाजायचे तरी कोणी सोडायचं नाही. "मी एकोणीस वर्षांची निघाले तेव्हा शेवटची खाल्ली," म्हणाल्या. बोलता बोलता भाकरी थापत होत्या आणि हात थरथरत नव्हते. मी शप्पथ सांगते, नव्हते थरथरत. एकीचंच पीठ, एकच भाकरी. तव्यावर टम्म फुगली. त्यांनी गॅस बंद केला, दोनदा बघून. भाकरी ताटलीत घेतली, वर खोबरं-गूळ, आणि स्टुलावर बसल्या.

तेवढ्यात दारात महासतीजी. एकट्याच, पात्र घेऊन.

सिस्टर दचकून उभ्या राहिल्या. ताटली पुढं केली, लगेच मागं घेतली. महासतीजींनी तेच विचारलं, तितक्याच मऊपणे. "ये किसके लिए बनाया, बहनजी?"

सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी नजर वळवली. मग त्या विचार करायला लागल्या, खरोखर, शनिवारी चॅपेलच्या बाकावर बसून करतात तसा. आणि त्यांचा चेहरा लाल झाला, काहीतरी चोरताना कोणी धरल्यासारखा. "मेरे लिए," म्हणाल्या. "मेरे को... खाने का मन हुआ. आपका याद भी नहीं था."

"तो आधी दीजिए."

सिस्टर अख्खी द्यायला निघाल्या. महासतीजींनी पात्र मागं ओढलं. "आधी. बाकी आपकी." सिस्टरांनी भाकरी मोडली. मोठा तुकडा पात्रात गेला, हे आम्ही तिघींनी पाहिलं. महासतीजींनी पात्र झोळीत ठेवलं आणि जाता जाता म्हणाल्या, "आप भी खाइएगा. गरम है अभी."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सिस्टरांच्या नाही. त्या बसल्या, ताटली मांडीवर घेतली, एक घास मोडला, खोबरं घेतलं, तोंडात घातला आणि चावता चावता थांबल्या.

"बाय."

"काय हो?"

"चांगली झालीय गो!" आवाजात नुसतं आश्चर्य.

"अठरा वर्षं तेच तर सांगतेय ना मी!"

"तू सांगतेस. तू तर जलेबीबरोबर पोहे खाणारी." चार घासांत ताटली रिकामी केली. बोटाला लागलेला गूळ चाटला. थोडा वेळ रिकाम्या ताटलीकडं बघत बसल्या. मग उठल्या, पिठाचा डबा उघडला, तवा शेगडीवर ठेवला, काडी ओढली. आणि काडी हातात धरूनच थांबल्या.

"दिल्यावर परत चूल पेटवायची नाही, असं त्या म्हणाल्या होत्या ना?"

"त्यांच्यामुळे पेटवायची नाही, असं."

सिस्टरांनी गॅस पेटवला. "मग जा, हॉलवर जाऊन त्यांना सांगून ये. त्यांना दिली म्हणून करत नाही. मला अजून हवी आहे."